आधी पान बघा, मग नाव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात शेवटच्या पानावर कुंपणावर पसरलेल्या पांढऱ्या फुलांच्या वेलीचं मोठं रंगीत छायाचित्र आलं आहे. खाली ओळ आहे, 'श्रावणसरींनी जाई बहरली'. छायाचित्र देखणं आहे, पण त्यातली वेल जुईची आहे. उजव्या कोपऱ्यात थेंब लटकलेलं एक पान अगदी स्पष्ट दिसतं. पान एकटं, अंडाकृती, आणि त्याच्या देठावर दोन्ही बाजूंना हरभऱ्याच्या डाळीएवढी दोन इवली पानं. जाईला असं पान कधी येत नाही.

मी ते कात्रण काढून ठेवलं आणि तीन दिवस थांबून हे पत्र लिहायला बसले. ही चूक एकट्या आपल्या अंकातली असती तर कदाचित लिहिलं नसतं. पण हीच चूक मला रोपवाटिकेत भेटली, बागेतल्या पाटीवर भेटली, आणि एकदा तिच्यापायी आमची शेजारीण भलतंच काही खाता खाता वाचली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा जन्म सोलापूरच्या साखर पेठेतला. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि भिंतीपलीकडे कानडी. आमची अम्मा दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा आणि कातरी. विड्या कारखान्यात देऊन आली की दिवेलागणीला तिचा दुसरा उद्योग सुरू व्हायचा, गजऱ्यांचा. मधल्या मारुतीच्या बाजूनं ओल्या फडक्यात कळ्या यायच्या आणि केळीच्या भिजवलेल्या दोऱ्यात अम्मा त्या गुंफायची. गजरा मुरानं विकला जायचा. मूर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. मोजताना अम्मा आपलाच हात लावायची आणि तिचा हात लांब होता, म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडे यायचं.

अम्मा शाळेत गेली नव्हती. पण वीज गेली तरी तिचं काम थांबत नसे. मोगऱ्याची कळी टपोरी, जाईची लांब नळीची, जुईची तांदळाच्या दाण्याएवढी. हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. फुलं अशी हातानं कळतात. पण वेल ओळखायची वेळ आली की ती म्हणायची, 'मुंदु आकु चूडु.' आधी पान बघ. आयुष्यभर तेंदूचं पान कातरलेल्या बाईनं दिलेला हा धडा आहे, आणि पुढं मुलीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तोच धडा मला सापडला.

मी स्वतः २६ वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. सोलापूरचे गणवेश कुठकुठल्या राज्यांतल्या शाळांत जातात हे आपण आपल्याच पानांवर छापलेलं आहे. आमच्या कामात कॉलरचं टोक दोन सूत इकडंतिकडं झालं तर तो वेगळ्या शाळेचा शर्ट होतो. लांबून सगळे शर्ट पांढरेच दिसतात. त्यामुळं 'पांढरं फूल, वास छान, म्हणजे जाई' हे माझ्या मनाला पटत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. पुढं चार फुटांची मोकळी जागा होती. अम्मा नुकतीच गेली होती. तिच्या आठवणीसाठी मी गावातल्या एका रोपवाटिकेतून तीन वेली आणल्या. एकीवर चिठ्ठी होती 'जाई', साठ रुपये. दुसरीवर 'चमेली', नव्वद रुपये. तिसरीवर 'सायली', एकशे चाळीस. सायलीला फार सुवास, असं सांगितलं होतं. तिघींना वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावलं, तिघींना मांडव केला, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा धुण्याचं पाणी घालून जगवलं. दुसऱ्या पावसाळ्यात तिन्ही एकदम फुलल्या. तिघींचं फूल एकच. कळीला बाहेरून तसाच गुलाबी हात फिरवलेला, नळी तेवढीच लांब, वासही तोच.

तेव्हा मी पानांकडं वळले. तिन्ही वेलींची पानं कडुनिंबासारखी, म्हणजे एका देठावर समोरासमोर जोड्यांनी पानं आणि टोकाला एक. मोजली तर बहुतेक ठिकाणी सात. टोकाचं पान जरा मोठं आणि त्याच्या शेजारच्या जोडीचं बूड त्याला चिकटलेलं, जणू तिन्ही तुकडे नीट कातरायचे राहून गेले. तीन वेली, तीन भाव, आणि जात एकच.

मुलीनं तिचं भिंग दिलं आणि वहीत लिहून दिलं, जास्मिनम ग्रँडिफ्लोरम. ग्रँडिफ्लोरम म्हणजे मोठ्या फुलाची. हीच आपली जाई आणि हीच हिंदीतली चमेली. आमच्या घरात 'चमेली' हा शब्द फक्त तेलाच्या बाटलीपुरता होता. त्या बाटलीतलं फूल आणि दारातली जाजी, म्हणजे तेलुगूतली जाई, ही एकच, हे मला पन्नाशीत कळलं.

रोपवाटिकेत परत गेले. भांडायला गेले नव्हते, दाखवायला गेले होते. तीन फांद्या समोर ठेवल्या. तो मुलगा म्हणाला, 'काकू, वरून ज्या चिठ्ठीनं माल येतो त्याच नावानं आम्ही विकतो.' मला त्याचं खरं वाटलं. तो फसवत नव्हता. त्याला चिठ्ठी वाचायला शिकवली होती, पान बघायला कुणी शिकवलं नव्हतं. पण एकशे दहा रुपये जास्तीचे गेले ते माझे, आणि ज्या बाईला खरोखर दोन वेगळ्या वेली हव्या होत्या तिची तर दोन वर्षं जातात.

'सायली'बद्दल माझं मत स्पष्ट आहे. हे नाव गोड आहे, मुलींना शोभतं, पण पाटीवर एकटं लिहू नये. याच शहरात मी ते जाईला लावलेलं ऐकलं आहे, मोठ्या फुलाच्या जाईलाच वेगळेपणानं लावलेलं ऐकलं आहे, आणि एका वाड्यात चक्क कुंदाला लावलेलं ऐकलं आहे. तेलुगूतल्या 'सन्नजाजी'चंही तसंच. सन्न म्हणजे बारीक. आमच्याच बोळात दोन घरांत दोन वेगळ्या वेलींना सन्नजाजी म्हणत, आणि दोन्ही घरच्या म्हाताऱ्या आपापल्या जागी ठाम होत्या.

आता जुई. तिचं शास्त्रीय नाव जास्मिनम ऑरिक्युलेटम. ऑरिक्युलेटम म्हणजे कान असलेली. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं फुलाकडं न बघता पानाकडं बघून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ते दोन इवले कान म्हणजे खरं तर त्रिदळातली बाजूची दोन दळं, आखडून एवढीशी झालेली. कधी कधी तीही गळालेली असतात आणि एकटंच पान दिसतं, म्हणून एका पानावर निकाल देऊ नये, हातभर फांदी वरपासून खालपर्यंत बघावी. कुठंतरी कान सापडतातच. फूल जाईपेक्षा लहान, झुपक्यानं येणारं, आणि त्यावर गुलाबी छटा नाही.

मोगरा घरोघरी असतो म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही, पण गोंधळ तिथंही आहे. त्याचं पान साधं, एकसंध, तकतकीत. जोडीनं येतं, कधी एकाच पेरावर तीन. पान उलटं करून भिंगानं बघितलं तर शिरांच्या बगलेत बारीक केसांचे पुंजके दिसतात. आणि फुलाखालच्या हिरव्या वाटीला दोऱ्यासारखे लांब बारीक दाते असतात. जाईचे दाते त्यापेक्षा आखूड, जुईचे तर जेमतेम जाणवतात. बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा अशा किती नावांनी तो विकला जातो! फुलं इतकी निराळी की नवखा माणूस चार जाती म्हणेल. पण पान आणि वाटी बघितली की सगळा मोगराच. जाई-चमेलीच्या बाबतीत एका वेलीला दोन नावं मिळाली, इथं एकाच जातीला फुलाच्या घडणीप्रमाणं नावं मिळाली. मोगऱ्याची नावं मला चुकीची वाटत नाहीत, कारण ती खरोखर वेगळं काही सांगतात. बटमोगरा मागितला तर बटनासारखं गच्च फूल मिळतं.

आणि कागडा. गजऱ्यात सगळ्यात जास्त खपतो तो हाच, आणि त्याला सगळ्यात कमी मान. लोक म्हणतात, 'मोगरा नाही, नुसता कागडा आहे.' त्याला फार वास नाही, पण टिकाऊ आहे, दुसऱ्या दिवशीही मान टाकत नाही. आता हा कागडा कोण? जास्मिनम मल्टिफ्लोरम, म्हणजे कुंद! सरस्वतीच्या वंदनेत पहिल्याच ओळीत ज्याचं नाव येतं, कवींनी दातांना ज्याची उपमा दिली, तो कुंद. पान साधं, पण मोगऱ्यासारखं चकचकीत नाही. कोवळ्या फांदीवरून आणि फुलाच्या वाटीवरून बोट फिरवलं तर मऊ लव लागते. ती लव ही त्याची खूण. थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास त्याचा बहर असतो. संस्कृतात कुंदाला माघ्य असंही नाव आहे, माघात फुलणारा म्हणून. शाळेत कुंदाच्या ओळी पाठ करणाऱ्या मुलींच्या वेणीत तोच कुंद माळलेला असायचा आणि आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मी अम्माला हे सांगू शकले नाही याची हळहळ वाटते. कागड्याला तिनं कधी नाक मुरडलं नाही, पण त्याचं मोठं घराणं तिला कळलं असतं तर तिनं मुरामागं चार आणे वाढवून मागितले असते आणि कारणही सांगितलं असतं.

या सगळ्यांना बांधणारी एक खूण आहे. फूल उभं चिरलं की नळीच्या आत पुंकेसर फक्त दोन सापडतात. पाकळ्या पाच असोत, सात असोत, नऊ असोत, एकेरी फुलात पुंकेसर दोनच. हे ऑलिव्हचं कुळ. आपला पारिजातकही याच कुळातला. आणि दुसरी खूण म्हणजे यांतल्या कुणालाही चीक नाही. पान तोडलं की पांढरं दूध आलं तर ती जाईही नाही, जुईही नाही आणि मोगराही नाही.

शेजारणीची गोष्ट इथं सांगते. शहरातल्या एका बागेत 'जाई' अशी लोखंडी पाटी आहे. वेल एका उन्हाळ्यात वाळून गेली, मांडव मोडला, पाटी तेवढी राहिली. तिच्यालगत तगर वाढली. तगरीची फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. आमच्या शेजारणीचं तोंड आलं होतं. तोंड आल्यावर जाईचा पाला चावायचा हा जुना उपाय तिला ठाऊक होता. पाटी बघून तिनं पदरात मूठभर पानं आणली. माझ्या ओट्यावर टाकली तेव्हा देठांना पांढरा चीक आलेला. मी ती हिसकावून घेतली. तगरीचा चीक पोटात जाण्यासारखा नाही. त्या बाईनं पाटी नीट वाचली होती, पाटीच खोटी होती.

नाव चुकणं मोठ्यांच्या हातूनही होतं आणि त्यात लाज नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं १७५३ साली मोगऱ्याचं नाव निक्टँथिस सँबॅक असं ठेवलं, म्हणजे मोगऱ्याला पारिजातकाच्या पंगतीला बसवलं. दोन्ही रात्री फुलणारी, पांढरी, सुवासिक, त्यामुळं त्याला तसं वाटलं असावं. १७८९ मध्ये एटन या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला तिथून उठवून जास्मिनममध्ये आणलं. दुरुस्तीला ३६ वर्षं लागली, पण झाली, आणि जुन्या नावाची नोंदही पुसली नाही. आपल्या अंकाला एवढा वेळ लागायचं कारण नाही, पुढच्या रविवारी दोन ओळी पुरतील.

आता आपल्या गावाची खास अडचण. पूर्व भागात, म्हणजे तेलुगू वस्तीत, 'मल्ले' मागा, मोगरा मिळेल. तोच शब्द कानडी घरात 'मल्लिगे' झाला की त्याचा पैस वाढतो. कुठली मल्लिगे ते पुढं-मागं शब्द लावून सांगावं लागतं. कर्नाटकातल्या हूविनहडगलीच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिचं कौतुक मराठी वर्तमानपत्रांत 'हडगलीचा मोगरा' असं वाचलं होतं. ती ऑरिक्युलेटम आहे, म्हणजे आपली जुई. मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये मानांकन मिळालं, ती मात्र खरंच मोगरा. एकाच शब्दाच्या दोन रूपांखाली दोन जाती. यात कानडीचीही चूक नाही आणि तमिळचीही नाही. शब्द आपल्या अंगणात बरोबर असतो, शिवेपलीकडं नेताना मात्र विचारून न्यावा लागतो. आणि सोलापुरात तर प्रत्येक बोळात शीव आहे.

इंग्रजीनं यात भर घातली आहे. रातराणीला जास्मिन, पारिजातकाला जास्मिन, तगरीलाही जास्मिन. अगरबत्तीच्या पुड्यावर काहीही लिहा, माझी हरकत नाही. पण मुलांच्या प्रकल्पात मोबाइलवरून उतरवून रातराणीला 'जाईची जात' लिहिलेलं मी बघितलं आहे. रातराणी वांग्या-टोमॅटोच्या कुळातली.

म्हणून काही गोष्टी मागते.

फुलाचं छायाचित्र छापताना त्यात निदान एक पान नीट दिसू द्या. आपल्या छायाचित्रकारानं अनवधानानं का होईना ते दिसू दिलं, म्हणून तर मला नाव सांगता आलं. नुसत्या फुलांचा जवळून घेतलेला फोटो असता तर मीही चाचपडले असते.

बागांतल्या पाट्यांवर मराठी, तेलुगू आणि कानडी अशी तिन्ही नावं असावीत आणि खाली शास्त्रीय नाव देवनागरीत असावं. ते कठीण असतं असं म्हणतात. पण 'ऑरिक्युलेटम'चा अर्थ 'कानवाली' हे एकदा सांगितलं की तिसरीतलं पोरगंही विसरत नाही. मी कारखान्यातल्या बायकांच्या मुलांवर करून बघितलं आहे. आणि वेल मेली तर पाटी त्याच दिवशी काढावी. मेलेल्या झाडाची पाटी ठेवू नये.

रोपवाटिकांना माझी विनंती एवढीच आहे की भाव कितीही लावा, पण जाई आणि चमेली एकाच रांगेत ठेवा. दोन्ही नावं एकाच चिठ्ठीवर लिहा. गिऱ्हाईक कमी होणार नाही. मी स्वतः त्या मुलाकडूनच नंतर जुई आणली, आणि त्या वेळी चिठ्ठीआधी आम्ही दोघांनी मिळून कान शोधले.

शाळांसाठी तर हा फुकटचा धडा आहे. जाई, जुई, मोगरा, कागडा, चारही वेली एका भिंतीलगत मावतात. एकदा मुळं धरली की पाणीही फार मागत नाहीत, आमच्यासारख्या हात आखडून पाणी वापरणाऱ्या गावाला झेपतात. पाचवीच्या मुलांना फुलं नसतानाच्या दिवसांत त्या दाखवाव्यात. फुलं असली की मुलं नाकानं ओळखायला जातात आणि नाक फसवतं.

माझ्याकडं आता चारही आहेत. जाई तीन कोपऱ्यांत, कारण तिघींपैकी एकही उपटायचं मन झालं नाही. जुई फाटकावर, मोगरा कुंडीत, आणि कागडा अम्माच्या जुन्या सुपाशेजारी, ओट्याच्या कडेला. जुईला सध्या रोज ओंजळभर कळ्या असतात. आपल्या छायाचित्रकाराला दुरुस्तीसोबत नवं छायाचित्र हवं असेल तर त्यांनी संध्याकाळी साडेसहानंतर यावं, तेव्हा कळ्या उमलायला लागतात. मी कामावरून सहाला येते. फांदी उन्हाकडं वळवून कानांचं पान पुढं धरून उभी राहीन, हात तेवढा छायाचित्रात येऊ देऊ नका.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर, सोलापूर